गुपित कोणाचे? अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या आश्रयसंस्था आणि त्यांची भाषा

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांना आश्रय देणाऱ्या संस्थांचा इतिहास बहुधा समाजसुधारणेच्या इतिहासातील एक उपप्रकरण म्हणून लिहिला जातो. त्यात संस्थापकांचे धैर्य, समाजाचा विरोध, कायद्यातील बदल या गोष्टी ठळकपणे येतात. आश्रयाला आलेल्या स्त्रीने काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक अशी प्रत्येक संस्था ही एक भाषिक व्यवस्थाही असते. दारावरची पाटी, प्रवेशाच्या वेळचे प्रश्न, नोंदवहीतील रकाने, अहवालातील विशेषणे यांच्या द्वारा संस्था त्या स्त्रीला एक नाव देते, तिच्या अनुभवाला एक कथानक देते आणि त्यातला कोणता भाग झाकावा, कोणता उघड करावा हे ठरवते. या व्यवस्थेतील ‘गुप्तता’ या एका सूत्राचा १८६३ पासूनचा प्रवास पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. गुप्ततेचा अर्थ ती कोणाच्या हाती आहे यावरून ठरतो, असे या प्रवासातून दिसते.

प्रथम शब्दांविषयी. ‘बलात्कार’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ बळाने केलेली कोणतीही कृती असा व्यापक आहे. तो पुढे एका विशिष्ट गुन्ह्यापुरता संकोचला. तरीही मराठी वृत्तपत्रे दीर्घकाळ तो शब्द टाळून ‘अतिप्रसंग’ लिहीत राहिली. ‘अतिप्रसंग’ या शब्दात मर्यादेचे उल्लंघन आहे, पण बळ नाही. जणू एखाद्या मान्य व्यवहाराचे प्रमाण तेवढे बिघडले. ‘विनयभंग’, ‘अब्रू घेणे’, ‘शीलभ्रष्ट होणे’ या प्रयोगांत जखम स्त्रीच्या शरीराला किंवा मनाला होत नाही. ती तिच्याजवळ कुळाने ठेव म्हणून ठेवलेल्या एका वस्तूला होते. हिंदी-उर्दूतील ‘इज्जत’ व ‘आबरू’ यांचा व्यवहारही असाच आहे. ठेव हरवली तर ती लपवण्याची जबाबदारीही ठेव सांभाळणारीवरच येते. आश्रयसंस्था जन्माला आल्या त्या या शब्दव्यवस्थेच्या आत.

पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृह हे त्यांतील आरंभीचे. त्याची पार्श्वभूमी जोतीराव फुले यांनी १८८४ च्या डिसेंबरात सरकारला सादर केलेल्या इंग्रजी निवेदनात नोंदवली आहे. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर काढलेल्या टिपणांविषयी मत मागवले गेले, तेव्हा फुल्यांनी तात्त्विक चर्चेबरोबर एका स्त्रीची हकीगत सांगितली. काशीबाई ही तरुण ब्राह्मण विधवा त्यांच्या मित्राच्या घरी स्वयंपाकाचे काम करीत असे. एका शास्त्र्याने तिला नादी लावले, ती गरोदर राहिली, गर्भपाताचे प्रयत्न फसले आणि तो तिला सोडून गेला. जन्मलेल्या मुलाला मारून तिने विहिरीत टाकले. खटला होऊन तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर लगेच, १८६३ साली, फुल्यांनी आपल्या आवारात हे गृह सुरू केले आणि त्याची व्यवस्था सावित्रीबाईंबरोबर पाहिली.

या गृहात येणाऱ्या सर्व विधवांवर आजच्या कायद्याच्या अर्थाने बलात्कार झाला होता, असे म्हणता येणार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. नकार देण्याची सत्ताच जिच्याजवळ नाही, अशा स्त्रीच्या बाबतीत संमती आणि सक्ती यांतील रेषा किती अंधुक असते, हा या हकीगतीचा गाभा आहे. दीर, सासरा, शेजारी, पुराणिक यांच्या आश्रयाने राहणाऱ्या केशवपन झालेल्या तरुणीला ‘नाही’ म्हणण्यासाठी जागाच नव्हती. दंडसंहितेला मात्र त्या घरातील एकच कृत्य दिसत होते, अर्भकाची हत्या. त्यामुळे जिच्यावर अन्याय झाला ती आरोपी झाली आणि तिची कथा फक्त आरोपपत्राच्या रूपात उरली.

या गृहाची जाहिरात ही स्वतंत्रपणे वाचण्याजोगी संहिता आहे. ब्राह्मणवस्तीत ठिकठिकाणी लावलेल्या पत्रकांचा आशय असा होता की, विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल घेऊन जावे की येथेच ठेवावे हे ज्याचे त्याने आपल्या इच्छेने ठरवावे. सार्वजनिक भिंतीवरचे पत्रक गुप्ततेचे वचन देते, हा त्यातला पहिला विशेष. दुसरा विशेष असा की, त्यात पश्चात्तापाची अट नाही, धर्मोपदेश नाही आणि त्या स्त्रीसाठी कोणतेही हीन विशेषण नाही. तिसरा विशेष म्हणजे मुलाविषयीचा निर्णय तिच्यावर सोपवला आहे. फुल्यांच्या निवेदनानुसार तोपर्यंत ३५ गरोदर विधवा या गृहात बाळंत झाल्या; गर्भ पाडण्यासाठी आधी घेतलेल्या विषारी औषधांमुळे बहुतेक मुले दगावली आणि पाचच जगली. ही संख्या या दयाकार्याची मर्यादा सांगते. स्त्री दारापर्यंत पोहोचण्याआधीच पुष्कळ काही घडून गेलेले असे. याच गृहात जन्मलेल्या यशवंत नावाच्या मुलाला फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. गुप्ततेत जन्मलेल्या मुलाला उघडपणे आपले नाव देणे, हे त्या पत्रकाचेच पुढचे पाऊल होते.

१८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थनासमाजाशी संबंधित मंडळींनी असेच गृह व अनाथाश्रम उभारला. तीर्थक्षेत्री विधवांची वर्दळ मोठी आणि टाकून दिलेल्या अर्भकांची समस्याही तितकीच मोठी होती. परंतु न्यायालयांचे कथानक बदलले नव्हते. १८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. ती पुढे सौम्य करण्यात आली. या खटल्यावर वृत्तपत्रांनी स्त्रीजातीच्या अनीतीविषयी जे लिहिले, त्याच्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. गुजरातेतील एका खटल्याला वऱ्हाडातील स्त्रीने मराठीत दिलेले हे उत्तर तौलनिक अभ्यासकांच्या विशेष लक्षात यावे असे आहे. ताराबाईंनी प्रश्नाची दिशाच उलटवली: जिने पाप केले ती कोण, यापेक्षा जो नामानिराळा राहिला तो कोण, हे विचारले पाहिजे. मात्र त्या निबंधातही विजयालक्ष्मीचे स्वतःचे कथन नाही. एकोणिसाव्या शतकात या स्त्रियांच्या बाजूने बोलणारा आवाज निर्माण झाला. त्यांचा स्वतःचा आवाज नोंदवण्याचे साधन मात्र तयार झाले नव्हते.

पंडिता रमाबाईंच्या कार्यात हे साधन तयार होऊ लागते, पण वेगळ्या अटीवर. इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील ‘पतित’ स्त्रियांसाठीचे कार्य दाखवले. त्याचा मनावर झालेला खोल परिणाम त्यांनी आपल्या साक्षीत सांगितला आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा भुकेल्या अनाथ मुलींचा मदतछावण्यांच्या परिसरातच कसा गैरफायदा घेतला जातो, हे त्यांनी पाहिले व लिहिले. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी शेकडो मुलींना आणले आणि १८९९ मध्ये अत्याचारित व कुमार्गाला लावलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभे केले. पुण्याच्या गृहाच्या नावात एक गुन्हा टाळण्याचा हेतू होता. केडगावच्या नावात ईश्वरी क्षमा आहे. ‘कृपा’ हा शब्द आश्रय देतो आणि त्याच वेळी क्षमा करण्याजोगे काही घडले आहे असे गृहीतही धरतो. येथे स्त्रीने बोलावे अशी अपेक्षा आहे, परंतु ते बोलणे साक्षीच्या धार्मिक साच्यात बसवलेले आहे: अंधारातून प्रकाशाकडे. सांगण्यासाठी साचा मिळाला, ही लहान गोष्ट नव्हती. जे त्या साच्यात मावत नव्हते, ते मात्र पुन्हा गुप्तच राहिले.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न शासनाच्या हाती आला, तो फाळणीच्या निमित्ताने. पळवल्या गेलेल्या स्त्रियांना परत मिळवण्याचा करार भारत आणि पाकिस्तान यांच्यात ६ डिसेंबर १९४७ रोजी झाला. भारतात पन्नास हजार मुस्लिम आणि पाकिस्तानात तेहतीस हजार हिंदू व शीख स्त्रिया असाव्यात, असा अंदाज होता. पुढील आठ वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे तीस हजार स्त्रिया परत आणल्या गेल्या. मृदुला साराभाई यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या कार्यकर्त्या, जालंधरचा गांधी वनिता आश्रम, छावण्यांतील रात्रंदिवस चाललेली सेवा यांचे मोल निर्विवाद आहे. पण १९४९ च्या अपहृत व्यक्तींच्या कायद्याची भाषा वाचली तर पुण्याच्या पत्रकाशी तिचा विरोध तीव्रतेने जाणवतो. १ मार्च १९४७ नंतर आपल्या कुटुंबापासून दुरावलेली आणि दुसऱ्या व्यक्तीकडे किंवा कुटुंबाकडे आढळलेली मुस्लिम स्त्री ही या कायद्यानुसार ‘अपहृत’ ठरे. तिला तसे वाटते का, हे विचारण्याची तरतूद व्याख्येत नव्हती. पोलीस तिला वॉरंटाविना ताब्यात घेऊ शकत, वाद उद्भवल्यास निर्णय न्यायाधिकरण करी आणि छावणीतील स्थानबद्धतेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. विधिमंडळातील चर्चेत काही सदस्यांनी यावर आक्षेप घेतले. पंजाब उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला, पण सर्वोच्च न्यायालयाने अजायबसिंग खटल्यात १९५२ मध्ये तो वैध मानला. कायदा १९५७ पर्यंत चालला.

मुलांच्या बाबतीत हा फरक अधिकच क्लेशदायक आहे. १८६३ चे पत्रक मूल न्यावे की ठेवावे हे इच्छेवर सोडते. १९४९ नंतर अनेक मातांना आपली मुले सीमेपलीकडे सोडून यावे लागले. कमळाबेन पटेल यांचे ‘मूळ सोतां उखडेलां’ हे गुजराती आणि अनीस किदवई यांचे ‘आज़ादी की छाँव में’ हे उर्दू आत्मकथन या कार्याच्या आतून लिहिले गेले आहे. सेवा करणाऱ्यांच्याच मनात उठलेले प्रश्न त्यांत दिसतात, म्हणून ती शासकीय अहवालांहून वेगळी ठरतात. राजिंदरसिंग बेदी यांच्या ‘लाजवंती’ या उर्दू कथेतील पती परत आलेल्या पत्नीचा सन्मानाने स्वीकार करतो, तिला देवी म्हणतो, पण तिच्यावर काय गुजरले ते ऐकून घेत नाही; तिला ते सांगायचे असते. पुनर्वसन पूर्ण झाल्याचे सांगणाऱ्या कोणत्याही अहवालावर ही कथा म्हणजे मूलगामी टीका आहे. गुपित येथे स्त्रीने राखलेले नाही. तिच्यावर लादलेले आहे. उर्वशी बुटालिया यांचे, तसेच ऋतू मेनन व कमला भसीन यांचे १९९८ मधील संशोधन मौखिक कथनांच्या आधारे याच लादलेल्या मौनापर्यंत पोहोचले.

गुप्ततेकडून जाहीर उच्चाराकडे वळण आले ते १९७९–८० मध्ये. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरवताना निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा भेद मांडला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो न मानता त्यांची सुटका केली. अंगावर जखमा नाहीत आणि वैद्यकीय अहवालानुसार मुलीला शरीरसंबंधाची सवय होती, या नोंदी तिच्या शब्दापेक्षा वजनदार ठरल्या. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून १९८० च्या जानेवारीत मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला आणि ८ मार्च रोजी अनेक शहरांत मोर्चे निघाले. मंचाने पुढे स्त्रियांवरील सर्व प्रकारच्या अत्याचारांचा विषय हाती घेऊन आपले नावही त्यानुसार बदलले.

आंदोलनाच्या या टप्प्यावर एक अनपेक्षित गोष्ट घडली. निषेधासाठी एकत्र आलेल्या गटांकडे स्त्रिया मदत मागायला येऊ लागल्या. कोणाला रात्रीपुरता निवारा हवा होता, कोणाला पोलीस ठाण्यात सोबत हवी होती, कोणाला फक्त ऐकणारे माणूस हवे होते. मुंबईत ‘विमेन्स सेंटर’, दिल्लीत १९८१ मध्ये ‘सहेली’, पुण्यात ‘नारी समता मंच’ अशा स्थानिक संस्था या गरजेतून आकाराला आल्या किंवा तिच्याकडे वळल्या. ‘सदन’ आणि ‘आश्रम’ या शब्दांच्या जागी ‘मंच’, ‘केंद्र’, ‘सहेली’ हे शब्द आले. पहिल्या जोडीत छप्पर आहे व छपराचा धनी आहे. दुसरीत बरोबरीने उभे राहणे आहे. तरीही जाहीर उच्चारातील एक अंतर्विरोध या संस्थांना लवकरच जाणवला. देसाईगंजचा खटला विधिअहवालांत ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असा, म्हणजे आरोपीच्या नावाने नोंदलेला आहे. जनमानसात मात्र तो त्या मुलीच्या नावाने ओळखला गेला. तिच्यासाठी देशभर घोषणा दिल्या गेल्या, पण त्या नावाच्या उच्चारावर तिचा अधिकार नव्हता.

१९८३ च्या दुरुस्तीने याला एक उत्तर दिले. पोलीस कोठडीसारख्या स्थितीतील अत्याचाराबाबत स्त्रीने न्यायालयात संमती नाकारली तर तसे गृहीत धरण्याचा नियम आला, सुनावणी बंद दालनात होऊ लागली आणि कलम २२८-अ नुसार तिची ओळख उघड करणे गुन्हा ठरला. या कलमाचा अपवाद महत्त्वाचा आहे: ती स्वतः लेखी अनुमती देऊ शकते. १८६३ मध्ये जे एका घराचे वचन होते, ते आता राज्याचे कर्तव्य झाले आणि गुपिताची किल्ली, निदान कागदावर, तिच्या हाती आली. तिचा वापर पुढे झालाही. राजस्थानातील भटेरी गावच्या ‘साथिन’ भंवरीदेवी यांनी १९९२ मधील अत्याचारानंतर स्वतःच्या नावानिशी लढा दिला. सत्र न्यायालयाने १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले, पण त्या प्रकरणातून निघालेल्या याचिकेवर १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासंबंधीचे मार्गदर्शक आदेश आले. तो निवाडा जयपूरच्या ‘विशाखा’ या स्थानिक संस्थेच्या नावाने ओळखला जातो. कोलकात्यात सुझेट जॉर्डन यांनी २०१३ मध्ये आपली ओळख स्वतः जाहीर केली आणि अत्याचारग्रस्तांसाठीच्या मदतवाहिनीवर समुपदेशनाचे काम केले. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेतील तरुणीला वृत्तपत्रांनी ‘निर्भया’ हे नाव दिले. २०१५ मध्ये तिच्या आईने जाहीर सभेत मुलीचे खरे नाव उच्चारले आणि लाज अपराध्यांनी बाळगावी असे सुचवले. २०१८ च्या निपुण सक्सेना निवाड्याने मात्र मृत स्त्रीच्या नावाबाबतही आप्तांच्या अनुमतीवर न्यायालयाचे नियंत्रण ठेवले. कन्येची स्मृती कोणाच्या स्वाधीन, आईच्या की कायद्याच्या, हा प्रश्न त्यामुळे खुलाच राहतो.

दरम्यान आश्रयाचे केंद्र घरातून रुग्णालयाकडे सरकत होते. २००० मध्ये मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. २००८ पासून ‘सेहत’ने मुंबईतील काही पालिका रुग्णालयांत अत्याचारग्रस्तांच्या तपासणीची व उपचाराची नवी पद्धत रुजवली. ‘दिलासा’ या शब्दात क्षमा नाही आणि उद्धारही नाही. या कार्याचा खरा बदल नोंदीच्या नमुन्यात आहे. जुन्या अहवालात स्त्रीच्या पूर्वायुष्याविषयीचा शेरा असे. नव्या नमुन्यात काय घडले हे तिच्या शब्दांत लिहून घ्यायचे आणि तपासणी, उपचार व पुरावा गोळा करणे यांसाठी वेगवेगळी संमती विचारायची. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी हेच तत्त्व देशासाठी स्वीकारले. ‘दोन बोटांची चाचणी’ अपमानकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सांगितले. पुन्हा सांगावे लागले, यावरून नोंदवहीतील रकाने बदलणे किती कठीण असते ते कळते.

येथेच गुप्ततेचा जुना प्रश्न नव्या रूपात परत येतो. २०१३ च्या सुधारणेने प्रत्येक रुग्णालयावर मोफत उपचाराचे बंधन घातले. त्याच कलमाने पोलिसांना तत्काळ कळवण्याचेही बंधन घातले. बालकांच्या बाबतीत २०१२ चा कायदा असेच सांगतो आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही जोडणी कायम आहे. यामागील हेतू अपराध दडपला जाऊ नये हा आहे व तो रास्त आहे. परंतु जिला उपचार हवे आहेत आणि खटला नको आहे, किंवा ज्या मुलीचा अपराधी तिच्या घरातच आहे, तिला रुग्णालयाचा उंबरठा ओलांडताना गुपित बाहेरच टाकून यावे लागते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने या कोंडीत एक फट पाडली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव व ओळख सांगण्याचे कारण नाही. त्या निवाड्यातील याचिकाकर्ती केवळ ‘एक्स’ या अक्षराने नोंदलेली आहे.

तुकाराम, विशाखा, एक्स अशा तीन निवाड्यांच्या शीर्षकांत या इतिहासाचा एक आलेख वाचता येतो: आधी आरोपीचे नाव, मग पाठीशी उभ्या राहिलेल्या संस्थेचे, शेवटी जिचे आयुष्य पणाला लागले तिने स्वतःभोवती ओढून घेतलेला पडदा. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक पद्धतशास्त्रीय दक्षता मिळते. या संस्थांच्या दप्तरांत, आत्मकथनांत आणि कथांत आढळणारे मौन एकजिनसी नसते. पुण्याच्या गृहातील मौन मागून घेतलेले होते, पंजाबच्या छावण्यांतील लादलेले, केडगावच्या साक्षींतील साच्याबाहेर उरलेले. या तिन्हींना ‘दडपलेला आवाज’ या एकाच नावाखाली गोळा करून तो मुक्त करण्याचा आव आणणारे संशोधन त्या स्त्रियांना एकदा दिलेले वचन नकळत मोडते. काशीबाईची हकीगत फुल्यांमुळे ज्ञात आहे. तिच्यानंतर त्या गृहात बाळंत झालेल्या ३५ विधवांची नावे या निवेदनात नाहीत. अभिलेखागाराच्या दृष्टीने ही उणीव असेल. त्या गृहाच्या दृष्टीने मात्र ते पाळलेले वचन आहे.